संपादन-संस्कार : मावळ व लोणावळा परिसरातील परंपरा

संपादन-संस्कार : लेखकाने सिद्ध केलेला मजकूर वाचकाच्या हाती पडण्यापूर्वी त्यातील आशयाची तपासणी, मांडणीची दुरुस्ती, भाषेची सफाई व मुद्रणप्रतीची सिद्धता करण्याच्या प्रक्रियेस संपादन म्हणतात. मराठीत ‘संपादक’ ह्या शब्दाने सामान्यतः वृत्तपत्राचा अथवा नियतकालिकाचा प्रमुख डोळ्यांपुढे येतो. तथापि ही संज्ञा त्याहून व्यापक आहे. स्थूलमानाने संपादनाचे तीन प्रकार करता येतात : (१) दिवंगत ग्रंथकाराच्या कृतीचा विश्वसनीय पाठ उपलब्ध हस्तलिखितांवरून ठरविणे, म्हणजे पाठसंपादन, (२) नियतकालिकासाठी मजकूर निवडून त्याची जबाबदारी पत्करणे, म्हणजे नियतकालिकाचे संपादन, आणि (३) हयात लेखकाच्या लेखनातील उणिवा त्याच्या ध्यानी आणून देऊन ते लेखन त्याच्याच हातून अधिक निर्दोष करून घेणे, म्हणजे लेखनसंपादन. लेखकाला जे म्हणावयाचे असते आणि कागदावर जे उतरते, त्यांत बहुधा काही अंतर राहते. लेखकाला आपला हेतू ठाऊक असल्यामुळे गाळलेला दुवा तो वाचताना नकळत भरून काढतो; वाचकाला ती सोय नसते. ह्या दृष्टीने संपादक हा लेखकाचा पहिला परका वाचक होय आणि त्याच्या परकेपणातच त्याचा उपयोग आहे.

ह्या तिन्ही प्रकारांची बोधप्रद उदाहरणे पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व त्याच्या लगतचा प्रदेश ह्यांत आढळतात. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणारी इंद्रायणी नदी मावळातून वाहत पुढे देहू व आळंदी ह्या क्षेत्रांवरून जाते. मराठीतील दोन सर्वाधिक वाचल्या गेलेल्या ग्रंथांच्या, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या व तुकारामांच्या गाथेच्या पाठांचा इतिहास ह्या नदीकाठाशी निगडित आहे. पुढे पुणे ते खंडाळा लोहमार्ग १८५८ मध्ये व बोरघाटातून जाणारा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाल्यावर तळेगाव दाभाडे व लोणावळा ही गावे मुंबई आणि पुणे ह्या दोन्ही मुद्रणकेंद्रांशी जोडली गेली. शांत निवास व शहरांशी सुलभ संपर्क असा दुहेरी लाभ असल्यामुळे विसाव्या शतकात येथे विद्यालये, संशोधनसंस्था व लेखक स्थिरावले.

एकनाथांचे संशोधन : ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये (शके १२१२) सांगितलेली गीताटीका सु. तीनशे वर्षे हस्तलिखितांच्या द्वारे प्रसृत होत राहिली. नकलकाराचा हस्तदोष, कालबाह्य शब्दांच्या जागी सोपे शब्द घालण्याची प्रवृत्ती आणि श्रद्धेपोटी केलेली भर ह्यांमुळे तिच्या प्रतींत फरक पडत गेले. पैठणच्या एकनाथांनी १५८४ मध्ये (शके १५०६) अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आळंदीस ज्ञानेश्वरांच्या समाधीचे दर्शन घेतल्यानंतर त्यांनी हे कार्य हाती घेतले, असे परंपरा सांगते. एकनाथ स्वतः श्रेष्ठ कवी होते. ओवी हा त्यांचा हातचा छंद होता. असे असूनही त्यांनी ह्या ग्रंथात आपली रचना मिसळली नाही. उलट, जो कोणी आपली ओवी त्यात घालील त्यास त्यांनी ग्रंथाच्या शेवटी कडक शब्दांत ताकीद दिली. स्वतः लिहिण्यास समर्थ असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या लेखनापुढे पाळलेला हा संयम मराठीतील संपादनाचा पहिला ठळक आदर्श ठरला आहे.

ह्या कार्याची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. एकनाथांनी कोणत्या प्रती पाहिल्या आणि कोठे कोणता पाठ नाकारला, ह्याची टिपणे उपलब्ध नाहीत. त्या काळी तशी प्रथाही नव्हती. त्यामुळे एकनाथपूर्व ज्ञानेश्वरीचे स्वरूप काय होते, हा प्रश्न पुढील अभ्यासकांपुढे उभा राहिला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी आपणास मिळालेल्या एका पोथीच्या आधारे १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची आवृत्ती प्रसिद्ध केली व ती पोथी एकनाथपूर्व असल्याचे प्रतिपादन केले. ती पोथी पुढे इतर अभ्यासकांना पाहावयास न मिळाल्यामुळे ह्या प्रतिपादनाची पडताळणी करणे अशक्य झाले. संपादकाने निर्णय घेतलाच पाहिजे; परंतु तो निर्णय तपासण्याची साधनेही त्याने मागे ठेवली पाहिजेत, हे तत्त्व ह्या दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट होते.

तुकारामांची गाथा : तुकारामांचे अभंग कीर्तनातून मुखोद्गत होत गेले आणि टाळकऱ्यांच्या वह्यांतून लिहिले गेले. त्या टाळकऱ्यांपैकी चाकणचे संताजी जगनाडे हे अभंगांचे लेखनिक म्हणून प्रसिद्ध आहेत. मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथे त्यांची समाधी आहे. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्याची व त्या पुन्हा वर आल्याची कथा सर्वश्रुत आहे. तिचा ऐतिहासिक अन्वयार्थ कसाही लावला, तरी अनेकांच्या स्मरणातून व अनेकांच्या हस्ताक्षरांतून हे अभंग तगले, ही वस्तुस्थिती तीतून सूचित होते. अशा प्रसारात अभंग टिकतो, पण शब्द बदलतो. म्हणून ‘तुकारामांचे मूळ शब्द कोणते ?’ हा प्रश्न केवळ पंडितांचा न राहता प्रत्येक वारकऱ्याच्या नित्यपाठाचा होतो.

ह्या प्रश्नाला आधुनिक पद्धतीने भिडण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्याने प्रसिद्ध केलेल्या गाथेत झाला. विष्णु परशुराम शास्त्री पंडित ह्यांनी शंकर पांडुरंग पंडित ह्यांच्या साहाय्याने संपादिलेली ही गाथा दोन खंडांत १८६९ व १८७३ मध्ये निघाली. मुंबई सरकारने त्यासाठी रु. २४,००० चे साहाय्य दिले होते. देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखितांची तुलना करून साडेचार हजारांवर अभंगांचा पाठ सिद्ध करण्यात आला आणि पाठभेद तळटीपांत नोंदविण्यात आले. संपादकाने एक पाठ स्वीकारला, तरी दुसरा पाठ वाचकापासून लपवून ठेवला नाही, हे ह्या आवृत्तीचे वैशिष्ट्य होय. तुकारामांच्या निर्याणाच्या त्रिशतसांवत्सरिकानिमित्त मुंबई सरकारने १९५० मध्ये पु. मं. लाड ह्यांच्या देखरेखीखाली जी गाथा प्रसिद्ध केली, तिचा पाया हीच आवृत्ती होती.

महाराष्ट्र सारस्वतकार वि. ल. भावे ह्यांनी निराळी वाट धरली. अनेक प्रती एकत्र करून पाठ ठरविण्याऐवजी त्यांनी संताजी जगनाडे ह्यांची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वहीचा आधार घेऊन तुकारामबुवांचा अस्सल गाथा हा ग्रंथ १९१९-२० च्या सुमारास दोन भागांत प्रसिद्ध केला आणि वहीतील शब्दरूपे शक्यतो तशीच ठेवली. मुद्रित गाथेतील सफाईदार रूपांच्या तुलनेत ही रूपे पुष्कळांना ओबडधोबड वाटली. परंतु सतराव्या शतकातील बोलीचा मागोवा घेणाऱ्यास तीच मोलाची ठरली. सर्व प्रतींचा मेळ घालणारी पद्धत आणि एकाच जुन्या प्रतीशी निष्ठा राखणारी पद्धत ह्यांच्यातील हा भेद जगभरच्या पाठचिकित्सेत आढळतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ ह्या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने पहिल्या पद्धतीला भारतात शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. दोन्ही पद्धतींतील समान सूत्र असे, की दिवंगत लेखकाचे लेखन ‘सुधारण्याचा’ अधिकार संपादकाला नाही. त्याला फक्त नंतरच्या हातांनी चढविलेली पुटे काढावयाची असतात.

विजापूरकर आणि संपादकाची जबाबदारी : नियतकालिकाच्या संपादनात निवड व सुधारणा ह्यांच्या जोडीला दायित्व येते. ह्याचे उदाहरण विष्णु गोविंद विजापूरकर (१८६३–१९२६) ह्यांच्या चरित्रात मिळते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करीत असताना त्यांनी ग्रंथमाला हे मासिक काढले. दीर्घ व गंभीर स्वरूपाचे ग्रंथ क्रमशः प्रसिद्ध करणे, हा त्या मासिकाचा विशेष होता. राजवाडे ह्यांच्यासारख्या संशोधकांचे लेखन त्याद्वारे वाचकांपर्यंत पोहोचले. ज्या लेखनाला व्यापारी प्रकाशक मिळणे दुरापास्त होते, त्याला वेळापत्रक, वाचक आणि मुद्रित रूप देण्याचे कार्य विजापूरकरांनी केले. संशोधकाच्या टिपणांचा ग्रंथ होण्यासाठी अनेकदा अशी कोणी तरी पुढील अंकाची तारीख डोळ्यांपुढे धरून मागे लागणारी व्यक्ती आवश्यक असते.

पुढे त्यांनी विश्ववृत्त हे मासिक चालविले. त्यात १९०८ मध्ये श्री. दा. सातवळेकर ह्यांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख प्रसिद्ध झाला. तो राजद्रोही ठरवून सरकारने खटला भरला आणि संपादक ह्या नात्याने विजापूरकरांना तीन वर्षांची शिक्षा झाली. लेख दुसऱ्याचा, पण कारावास संपादकाचा, अशी ही घटना आहे. छापखाने व पुस्तके ह्यांविषयीच्या १८६७ च्या कायद्याने मुद्रक व प्रकाशक ह्यांची नावे छापणे बंधनकारक केले होतेच. राजद्रोहाच्या कलमाने त्या नावांना प्रत्यक्ष धोका प्राप्त करून दिला. टिळकांनाही १८९७ मध्ये केसरीतील मजकुराबद्दल शिक्षा झाली होती. त्यामुळे त्या काळी मराठी संपादकाने एखादा लेख स्वीकारला, म्हणजे त्याच्या प्रत्येक वाक्याखाली आपली सही केली, असाच त्याचा अर्थ होता.

विजापूरकरांचे नाव मावळाशी जोडले गेले ते समर्थ विद्यालयामुळे. राष्ट्रीय शिक्षण मातृभाषेतून द्यावे, ह्या हेतूने १९०६ मध्ये कोल्हापुरास स्थापन झालेले हे विद्यालय पुढे तळेगाव दाभाडे येथे आले. १९१० मध्ये सरकारी बंदीमुळे ते बंद पडले. विजापूरकरांच्या सुटकेनंतर तळेगावास नवीन समर्थ विद्यालयाच्या रूपाने ह्या प्रयत्नाला पुन्हा चालना मिळाली. मासिक व विद्यालय ही त्यांची दोन्ही कार्ये वरवर भिन्न दिसली, तरी त्यांमागील प्रेरणा एकच होती. मराठीतून गंभीर विचार करता येतो, हे लेखकांकडून सिद्ध करवून घेणे, हे संपादकाचे काम; तेच विद्यार्थ्यांकडून करवून घेणे, हे शिक्षकाचे. दोघांच्याही श्रमाचे फळ दुसऱ्याच्या नावावर जमा होते.

कैवल्यधाम आणि योगविषयक लेखन : स्वामी कुवलयानंद (मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) ह्यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. मध्यंतरी त्याच्या प्रकाशनात खंड पडला. तथापि योगाच्या आधुनिक अभ्यासाच्या इतिहासात त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. त्या काळी योगविषयक लेखनात ग्रंथवचन, गुरुमुखातून आलेली परंपरा, वैयक्तिक अनुभव व अद्‌भुत कथा ही सर्व एकाच सुरात सांगितली जात. कुवलयानंदांनी प्रयोगांचे वृत्त देणारा शास्त्रीय विभाग आणि सामान्य वाचकांसाठी असलेला विभाग वेगळे ठेवले. नौली ही क्रिया करीत असताना मोठ्या आतड्यातील दाब कमी होऊन तेथे अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते, असे त्यांना मापनात आढळले. ह्या निरीक्षणाला त्यांनी आपले गुरू माधवदास महाराज ह्यांचे नाव दिले; परंतु गुरूच्या वचनावर न थांबता दाबमापकाचे आकडे प्रसिद्ध केले. श्रद्धा नामकरणात राहिली व पुरावा कोष्टकात गेला. विधान कोणत्या प्रकारचे आहे, हे वाचकाला कळू देणे, ही संपादनाची एक मूलभूत कसोटी आहे. ती येथे कटाक्षाने पाळलेली दिसते.

संस्थेने योगविषयक संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्यांचेही कार्य हाती घेतले. कुवलयानंद व लोणावळ्याचे पंडित रघुनाथशास्त्री कोकजे ह्यांनी संपादिलेली बृहद्योगियाज्ञवल्क्यस्मृति १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वामी दिगंबरजी व कोकजे ह्यांनी संपादिलेली स्वात्मारामाची हठप्रदीपिका १९७० मध्ये, तर दिगंबरजी व म. ल. घरोटे ह्यांनी संपादिलेली घेरण्डसंहिता १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. हठप्रदीपिकेच्या प्रचलित आवृत्त्यांत चार उपदेश आढळतात. कैवल्यधामच्या आवृत्तीत पाचव्या उपदेशाचा समावेश आहे. अयोग्य अभ्यासामुळे होणाऱ्या विकारांवरील उपचार, हा त्याचा विषय होय. पुढे लोणावळा येथीलच दुसऱ्या एका योगसंस्थेतर्फे घरोटे व परिमल देवनाथ ह्यांनी ह्या ग्रंथाची दहा प्रकरणांची परंपरा २००१ मध्ये प्रकाशात आणली. एकाच ग्रंथाची अशी लहानमोठी रूपे समोर आली, म्हणजे सामान्य वाचक गोंधळतो. परंतु हा गोंधळ हस्तलिखितांतच मुळात असतो आणि संपादक तो केवळ उघड करतो. काव्यातील चुकीच्या पाठाने रसहानी होते. श्वासाचा निरोध, आहार वा उपचार सांगणाऱ्या ग्रंथातील चुकीचा पाठ मात्र थेट साधकाच्या शरीरावर परिणाम करू शकतो. त्यामुळे अशा ग्रंथांच्या संपादनातील काटेकोरपणाला व्यावहारिक महत्त्वही आहे.

हयात लेखकाच्या लेखनाचे संपादन : ह्या प्रकारात लेखक समोर असतो व अंतिम निर्णय त्याचाच असतो. संपादक प्रथम संपूर्ण मजकूर एकवार वाचून त्याचा रोख समजून घेतो. नंतर क्रम, पुनरुक्ती, गाळलेले दुवे, संशयास्पद विधाने व शेवटी शब्दयोजना असा स्थूलाकडून सूक्ष्माकडे जातो. ह्या क्रमाला महत्त्व आहे. जो परिच्छेद पुढे वगळावयाचा आहे, त्यातील ऱ्हस्वदीर्घ आधी सुधारणे व्यर्थ होय. संपादकाचे मुख्य साधन दुरुस्ती हे नसून प्रश्न हे आहे. उदा., एखाद्या लेखकाने ‘मावळात इंद्रायणी तांदूळ पूर्वापार पिकतो’ असे वाक्य लिहिले, तर ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष व वाचावयास सुखद आहे. नदीच्या नावामुळे ते खरेही वाटते. ‘पूर्वापार म्हणजे केव्हापासून ?’ असा प्रश्न संपादकाने केला, की लेखकाला शोध घ्यावा लागतो आणि इंद्रायणी हा वाण आंबेमोहोर व आय. आर. ८ ह्यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने विकसित केला असून तो १९८७ मध्ये प्रसारित झाला, असे निष्पन्न होते. पूर्वापार पिकत आला आहे तो आंबेमोहोर. एका शब्दाविषयीच्या शंकेने वाक्य खरे झालेच. शिवाय जुन्या सुवासिक वाणाकडून संकरित वाणाकडे झालेले स्थित्यंतर हा लेखाचा अधिक चांगला विषय लेखकाच्या हाती लागला. ही सुधारणा संपादकाने स्वतः लिहून दिली असती, तर लेखकाला वाक्य मिळाले असते. प्रश्न विचारल्यामुळे त्याला विषय मिळाला.

भारतीय भाषांत अशा संपादनाची ख्यातनाम उदाहरणे आहेत. हिंदीत महावीरप्रसाद द्विवेदी ह्यांनी १९०३ ते १९२० ह्या काळात सरस्वती ह्या मासिकाचे संपादन करताना लेखकांच्या हस्तलिखितांत कसून दुरुस्त्या केल्या आणि त्यांतून हिंदी गद्याला स्थिर रूप येण्यास मोठे साहाय्य झाले. मराठीत का. र. मित्र ह्यांच्या मनोरंजनने (स्थापना १८९५) अनेक नव्या लेखकांना व लेखिकांना लिहिते केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सत्यकथा मासिक व मौज प्रकाशन ह्यांच्याद्वारे श्री. पु. भागवत (१९२३–२००७) व त्यांचे सहकारी राम पटवर्धन ह्यांनी लेखनसंपादनाला साहित्यसमीक्षेची प्रतिष्ठा दिली. हस्तलिखित बारकाईने वाचणे, लेखकाशी पत्रव्यवहार व चर्चा करणे, पुनर्लेखनासाठी वेळ देणे आणि मुद्रिते कसोशीने तपासणे ही त्यांची कार्यपद्धती होती. नवकथेच्या प्रमुख लेखकांची जडणघडण त्या वातावरणात झाली. पाश्चात्त्य साहित्यातही टी. एस. एलियट ह्याच्या द वेस्ट लँड (१९२२) ह्या दीर्घ काव्याला एझ्रा पाउंड ह्याने केलेल्या काटछाटीमुळे आजचे रूप आले. त्या मूळ टंकलिखितांची प्रतिकृती १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा संपादकाच्या लेखणीचे कार्य वाचकांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

मर्यादा व वाद : संपादकाला अधिकार मिळाला, की त्याच्या अभिरुचीचाही प्रभाव वाढतो. एका नियतकालिकाची अभिरुची हीच साहित्याची कसोटी ठरू लागली, तर तिच्या चौकटीत न बसणारे अनुभव बाहेर राहण्याची भीती असते. लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी १९६९ मध्ये सत्यकथेच्या अंकाची जाहीर होळी केली, तिच्यामागे हीच भावना होती. त्या चळवळीने स्वतःची नियतकालिके काढली व दलित साहित्यासह अनेक नव्या प्रवाहांना त्यांतून वाट मिळाली. मात्र ह्या घटनेवरून संपादनच निरुपयोगी ठरते, असा निष्कर्ष निघत नाही. ज्यांनी प्रस्थापित संपादकांना नाकारले, तेही निवड व मांडणी करताना संपादकच झाले. संपादक एकच असू नये, हा त्या वादाचा खरा धडा आहे.

दुसरा वाद प्रमाणभाषा व बोली ह्यांविषयीचा आहे. तळेगाव दाभाडे येथे दीर्घकाळ वास्तव्य केलेले कादंबरीकार गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) ह्यांची माचीवरला बुधा ही १९५८ मधील कादंबरी लोणावळ्याजवळील राजमाचीच्या परिसरात घडते. दांडेकरांनी उमेदीच्या काळात औंध येथे पं. सातवळेकरांच्या सान्निध्यात वेदाध्ययन केले होते. संस्कृतप्रचुर भाषा त्यांना सहज साध्य होती. तरीही डोंगरातल्या माणसाच्या तोंडी त्यांनी त्याचीच बोली ठेवली. अशा लेखनात प्रमाणरूपे घालणे म्हणजे पात्राच्या तोंडचे बोल काढून घेणे होय. मराठी साहित्य महामंडळाने पुरस्कारलेल्या व राज्यशासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेल्या आणि १९७२ मध्ये भर घातलेल्या लेखनविषयक नियमांतही केशवसुतपूर्व पद्य व विष्णुशास्त्री चिपळूणकरपूर्व गद्य ह्यांतील उतारे मुळानुसार छापावेत, अशी तरतूद आहे. शुद्धलेखनाचा नियम कोठे लावावयाचा नाही, हे जाणणे हाही संपादनाच्या ज्ञानाचाच भाग आहे.

मूल्य : वरील उदाहरणांवरून संपादनाच्या मूल्याविषयी काही निष्कर्ष काढता येतात. एकनाथांनी संयम दाखविला. गाथेच्या संपादकांनी पाठभेद उघड ठेवले. विजापूरकरांनी दुसऱ्याच्या शब्दांसाठी कारावास पत्करला. कुवलयानंदांनी विधान व पुरावा ह्यांतील सीमारेषा आखली. सत्यकथेच्या संपादकांनी लेखकालाच त्याच्या लेखनाचा कठोर वाचक बनविले. ह्यांपैकी कोणाचेही कार्य केवळ भाषाशुद्धीपुरते मर्यादित नव्हते. लेखकाचा शब्द वाचकापर्यंत खरा पोहोचावा, हा त्यांचा समान हेतू होता व त्यासाठी स्वतःचा शब्द मागे ठेवण्याची त्यांची तयारी होती.

संपादित मजकुराची श्रेष्ठता लेखकाच्या कमीपणाची खूण मानण्याचा एक समज रूढ आहे. तो निराधार होय. विश्वकोशासारख्या ग्रंथात प्रत्येक नोंद तज्ञाने लिहिलेली असली, तरी ती विषयसंपादक व भाषासंपादक ह्यांच्या नजरेखालून जातेच. कारण तज्ञाला जे उघड वाटते, तेच सामान्य वाचकाला अनेकदा अनाकलनीय असते. अक्षरजुळणीचे खिळे जाऊन संगणक आला व लिहिलेला मजकूर क्षणात प्रसिद्ध करणे शक्य झाले. तेव्हापासून मधला हा वाचक अनावश्यक ठरला, असेही काही वेळा सुचविले जाते. परंतु वह्यांच्या काळात चुकीचा पाठ नकलकाराच्या हाताच्या वेगाने पसरत असे. आता त्याला तेवढाही वेळ लागत नाही. म्हणून मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी कोणी तरी त्यावर थांबून ‘हे खरे आहे काय ? हेच म्हणावयाचे आहे काय ?’ असे विचारण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे. हे प्रश्न लेखकाला ज्याने विचारले, त्याचे नाव बहुधा ग्रंथावर नसते; ग्रंथ मात्र त्यामुळे विश्वसनीय होतो.